ग्नू संकलक संच (जीसीसी)

ग्नू संकलक संच : निरनिराळ्या उच्चस्तरीय संगणक-भाषांत लिहिलेल्या आज्ञावल्यांचे निरनिराळ्या बनावटीच्या संगणकांच्या यंत्रभाषांत रूपांतर करणारी एक मुक्त व सुवाह्य संकलक प्रणाली. ‘जीसीसी’ या संक्षिप्त नावाने ती सर्वत्र ओळखली जाते. रिचर्ड मॅथ्यू स्टॉलमन यांनी तिचा पहिला आविष्कार १९८७ साली प्रसिद्ध केला. त्या वेळी ती केवळ सी या भाषेसाठी होती. पुढे सी++, ऑब्जेक्टिव्ह-सी, फोर्ट्रान, एडा, गो, डी, मॉड्युला-२, कोबोल इ. भाषांची तीत भर पडली. लिनक्स ही परिचालन प्रणाली प्रारंभापासून या संकलकाच्या साहाय्याने बांधली जात आली आहे. तसेच अतिजलद संगणकांपासून घरगुती उपकरणांत बसविलेल्या लहान प्रक्रियकांपर्यंत असंख्य यंत्रांसाठी तिचा उपयोग होतो. [⟶ संगणक].

संकलकाचे प्रयोजन : संगणकाच्या प्रक्रियकाला फक्त त्याची स्वतःची यंत्रभाषा समजते. ती शून्य व एक या अंकांच्या मालिकांची असून प्रत्येक प्रक्रियक-कुलाची निराळी असते. मनुष्याला अशा भाषेत लिहिणे अत्यंत कष्टाचे आणि चुकांना वाव देणारे ठरते. म्हणून बीजगणितातील सूत्रांशी वा व्यवहारातील भाषेशी मिळत्याजुळत्या उच्चस्तरीय भाषा निर्माण झाल्या. अशा भाषेतील संपूर्ण आज्ञावली वाचून तिच्याशी समानार्थी अशी यंत्रभाषेतील आज्ञावली तयार करणारी जी आज्ञावली असते, तिला संकलक किंवा कंपायलर म्हणतात. ग्रेस हॉपर यांनी १९५२ च्या सुमारास केलेली ए-० ही प्रणाली आणि जॉन बॅकस व त्यांचे सहकारी यांनी आयबीएम कंपनीत १९५७ मध्ये पूर्ण केलेला फोर्ट्रान भाषेचा संकलक हे या क्षेत्रातील आरंभीचे महत्त्वाचे टप्पे होत.

प्रत्येक भाषेसाठी व प्रत्येक यंत्रासाठी वेगळा संकलक लिहावयाचा म्हटल्यास कामाचा पसारा गुणाकाराने वाढतो. पाच भाषा आणि दहा प्रकारची यंत्रे असतील, तर पन्नास संकलक लागतील. याऐवजी प्रत्येक भाषेचे प्रथम एका समाईक मध्यस्थ रूपात आणि त्या मध्यस्थ रूपाचे प्रत्येक यंत्राच्या भाषेत रूपांतर केले, तर पाच अधिक दहा असे पंधराच घटक पुरतात. ही कल्पना १९५८ मध्ये अंकोल या नावाने मांडली गेली होती. सर्व भाषांना आणि सर्व यंत्रांना पुरेल असे एकच मध्यस्थ रूप ठरविणे कठीण असल्याने ती योजना मूळ स्वरूपात सिद्धीस गेली नाही. तथापि बहुभाषी व सुवाह्य संकलकांच्या मुळाशी तीच कल्पना आहे. ॲम्स्टरडॅम येथील मुक्त विद्यापीठात अँड्रू टॅननबाउम व त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेला ॲम्स्टरडॅम संकलक संच हे १९८० नंतरच्या काही वर्षांतील याचे एक यशस्वी उदाहरण होय.

उगम व इतिहास : स्टॉलमन हे अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत काम करीत होते. तेथे आज्ञावल्यांचे मूळ पाठ एकमेकांना देण्याची व त्यांत सुधारणा करण्याची परंपरा होती. १९८० च्या सुमारास संगणक-कंपन्या आपल्या आज्ञावल्यांचे मूळ पाठ गुप्त ठेवू लागल्या आणि ही परंपरा खंडित झाली. सप्टेंबर १९८३ मध्ये स्टॉलमन यांनी ग्नू या योजनेची घोषणा केली. युनिक्स या परिचालन प्रणालीसारखी, परंतु कोणालाही वापरता, तपासता, बदलता व इतरांना देता येईल अशी संपूर्ण प्रणाली निर्माण करणे, हा तिचा उद्देश होता. या कार्यासाठी त्यांनी १९८४ च्या प्रारंभी संस्थेतील नोकरी सोडली व ऑक्टोबर १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ही संस्था स्थापन केली.

अशा योजनेत संकलकाचे स्थान कळीचे असते. इतर सर्व आज्ञावल्या संकलकातून जाऊनच चालू होतात. त्यामुळे संकलक परक्याच्या मालकीचा असेल, तर त्याने बांधलेली प्रणाली खऱ्या अर्थाने स्वतंत्र राहत नाही. स्टॉलमन यांनी प्रथम ॲम्स्टरडॅमचा संच वापरता येईल का, अशी विचारणा केली. विद्यापीठाच्या नावात ‘मुक्त’ हा शब्द असला, तरी तेथील संकलक मुक्त नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांना मिळाले. (हा संच पुढे २००३ मध्ये मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध झाला.) त्यानंतर त्यांनी लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेतील पॅस्टल या संकलकावर काम करून पाहिले. हा संकलक संपूर्ण आज्ञावलीचा वृक्ष एकाच वेळी स्मृतीत उभा करीत असे व त्यासाठी कित्येक दशलक्ष बाइट जागा व्यापीत असे. त्या काळच्या लहान युनिक्स यंत्रांवर इतकी जागा मिळणे शक्य नव्हते. अखेरीस स्टॉलमन यांनी नवा संकलक मुळापासून लिहावयास घेतला. पॅस्टलसाठी स्वतः लिहिलेला सी भाषेचा भाग तेवढा त्यांनी त्यात वापरला. मध्यस्थ रूपाची मुख्य कल्पना आणि सुधारणेच्या काही रीती त्यांनी ॲरिझोना विद्यापीठातील जॅक डेव्हिडसन व क्रिस्टोफर फ्रेझर यांच्या संशोधनातून घेतल्या.

२२ मार्च १९८७ रोजी या संकलकाचा चाचणी-आविष्कार प्रसिद्ध झाला. तो व्हॅक्स व सन-३ या दोन प्रकारच्या यंत्रांसाठी होता. त्याच वर्षी मायकेल टीमन यांनी त्याला सी++ भाषेची जोड दिली. सी++ चे आधी सी भाषेत व मग यंत्रभाषेत रूपांतर करण्याची तेव्हा रूढी होती. टीमन यांचा संकलक मात्र यंत्रभाषेपर्यंतचे काम सरळ करीत असे. १९९१ मध्ये फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टॉरव्हॉल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा लिहिला, तो याच संकलकाच्या आधारे. मुक्त संकलक आधी सिद्ध नसता, तर एका विद्यार्थ्याला घरच्या संगणकावर असे कार्य आरंभिणे दुर्घट झाले असते. १९९२ मध्ये जीसीसीचा दुसरा मुख्य आविष्कार निघाला.

पुढील काही वर्षांत विकासाची गती मंदावली. मोजक्या व्यक्तींच्या संमतीशिवाय नव्या सुधारणा स्वीकारल्या जात नसत व अनेकांचे काम पडून राही. ऑगस्ट १९९७ मध्ये काही विकसकांनी मूळ पाठाची वेगळी शाखा काढली आणि ‘एग्ज’ या नावाने स्वतंत्र प्रकल्प सुरू केला. मुक्त परवान्यामुळे अशी फारकत घेण्याचा अधिकार त्यांना होताच. ही शाखा मूळ प्रकल्पापेक्षा इतकी सरस ठरली, की एप्रिल १९९९ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने तिलाच अधिकृत जीसीसी म्हणून मान्यता दिली. त्याच वर्षी नावाचा अर्थही बदलण्यात आला. ‘ग्नू सी कंपायलर’ ऐवजी ‘ग्नू कंपायलर कलेक्शन’ म्हणजे संकलक संच, असा त्याचा विस्तार रूढ झाला. तेव्हापासून प्रकल्पाचा कारभार एक सुकाणू समिती पाहते.

रचना व कार्य : जीसीसीचे अग्रभाग, मध्यभाग व पश्चभाग असे तीन भाग पडतात. प्रत्येक भाषेला तिचा स्वतंत्र अग्रभाग असतो. तो आज्ञावलीतील शब्द व चिन्हे ओळखतो, भाषेच्या व्याकरणानुसार वाक्यांची फोड करतो, चुका आढळल्यास त्या दाखवितो आणि निर्दोष आज्ञावलीचा व्युत्पत्ति-वृक्ष तयार करतो. मध्यभाग सर्व भाषांना व सर्व यंत्रांना समाईक असतो. पश्चभाग विशिष्ट यंत्राशी संबद्ध असतो.

ही प्रक्रिया एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल. ‘क = अ + ब × ४’ असे विधान आज्ञावलीत आहे असे समजू. बेरजेपूर्वी गुणाकार करावयाचा, हा नियम अग्रभागाला ठाऊक असल्याने तो वृक्षात गुणाकाराला खालची व बेरजेला वरची फांदी देतो. त्यानंतर हा वृक्ष सोडवून त्याची लहान लहान विधाने केली जातात : त = ब × ४; क = अ + त. यात ‘त’ हे संकलकाने स्वतः कल्पिलेले तात्पुरते नाव आहे. एका विधानात एकच क्रिया असलेल्या या रूपाला गिंपल म्हणतात. २००५ मध्ये आलेल्या चौथ्या मुख्य आविष्कारापासून ते वापरात आहे. मूळ विधान सी भाषेतील होते की फोर्ट्रानमधील, याचा माग येथे बव्हंशी पुसला जातो.

गिंपल रूपावर बहुतेक सुधारणा झाल्यानंतर त्याचे रजिस्टर स्थानांतरण भाषा या दुसऱ्या मध्यस्थ रूपात रूपांतर होते. हे रूप यंत्राच्या अधिक जवळचे असते. प्रक्रियकातील अतिजलद स्मृतिस्थानांना रजिस्टर म्हणतात. कोणते मूल्य कोणत्या रजिस्टरात ठेवावयाचे आणि यंत्राच्या कोणत्या आज्ञा वापरावयाच्या, हे या टप्प्यात ठरते. वरील उदाहरणात चारने गुणणे म्हणजे द्विमान अंक दोन स्थाने डावीकडे सरकविणे होय, हे संकलक ओळखतो. स्पार्क जातीच्या प्रक्रियकावर तो एक सरकविण्याची व एक बेरजेची अशा दोन आज्ञा योजतो. इंटेलच्या प्रक्रियकांत पत्ता काढण्यासाठी असलेली एक आज्ञा चौपट करणे व मिळविणे ही दोन्ही कामे एकदम करते. म्हणून तेथे एकच आज्ञा पुरते. मूळ आज्ञावली लिहिणाऱ्याला या भेदाची जाणीव ठेवावी लागत नाही.

प्रत्येक यंत्राची माहिती पश्चभागाला यंत्रवर्णन नावाच्या पाठातून मिळते. यंत्रावर कोणत्या आज्ञा उपलब्ध आहेत, त्यांपैकी प्रत्येकीने कोणती क्रिया घडते व तिला कोणती स्मृतिस्थाने चालतात, हे त्यात साच्यांच्या रूपाने लिहिलेले असते. संकलकाची बांधणी होत असता काही साहाय्यक आज्ञावल्या हे वर्णन वाचून त्यातून पश्चभागाचा मोठा अंश आपोआप निर्माण करतात. त्यामुळे नवा प्रक्रियक तयार झाला, तर संपूर्ण संकलक नव्याने लिहावा लागत नाही. त्याचे यंत्रवर्णन व त्याला अनुलक्षून काही पूरक भाग लिहिला, की जीसीसीतील सर्व भाषा त्या प्रक्रियकावर आणण्याचा मार्ग मोकळा होतो. या दृष्टीने पाहता जीसीसी हा केवळ एक संकलक नसून संकलक निर्माण करणारा सांगाडा आहे.

स्वयंसंकलन : जीसीसी हीदेखील एक आज्ञावलीच असल्याने तिचेही संकलन करावे लागते. ही बांधणी तीन पायऱ्यांनी होते. यंत्रावर आधीपासून असलेल्या एखाद्या संकलकाने जीसीसीची पहिली प्रत बांधली जाते. या पहिल्या प्रतीकडून तोच मूळ पाठ पुन्हा संकलित करून दुसरी प्रत आणि दुसरीकडून तिसरी प्रत तयार होते. दुसरी व तिसरी प्रत तंतोतंत सारख्या असावयास हव्यात. त्यांत फरक आढळल्यास संकलकात कोठे तरी दोष आहे असे समजतात.

या पद्धतीत विश्वासार्हतेचा एक गहन प्रश्न दडलेला आहे. युनिक्सचे एक जनक केन टॉम्पसन यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्युरिंग पारितोषिकाच्या व्याख्यानात तो मांडला. संकलकात एखादी घातक खोडी अशा रीतीने लपविता येते, की ती पुढे त्याच संकलकाने बांधलेल्या प्रत्येक नव्या संकलकात उतरते. मूळ पाठात मात्र तिचा मागमूसही नसतो. मूळ पाठ वाचावयास मिळणे ही विश्वासाची आवश्यक अट आहे, पण ती पुरेशी नाही, असा याचा निष्कर्ष निघतो. परस्परांशी संबंध नसलेल्या दोन संकलकांनी एकच मूळ पाठ संकलित करून निष्पत्ती ताडून पाहण्याचा उपाय डेव्हिड व्हीलर यांनी २००५ मध्ये विशद केला. हा उपाय योजता येण्यासाठीही संकलकाचा मूळ पाठ खुला असावाच लागतो.

मुक्ततेचा अर्थ व परवाना : इंग्रजीत मुक्त आणि विनामूल्य या दोहोंसाठी एकच शब्द असल्याने तेथे या संज्ञेविषयी बराच घोटाळा झाला. मराठीत हे दोन अर्थ मुळातच वेगळे आहेत. फुकट मिळालेली वस्तू मुक्त असेलच असे नाही व मुक्त वस्तूसाठी मूल्य घेण्यासही प्रत्यवाय नाही. कोणत्याही कामासाठी आज्ञावली वापरण्याचे, तिचा मूळ पाठ अभ्यासून त्यात बदल करण्याचे, तिच्या प्रती इतरांना देण्याचे आणि बदललेली आज्ञावली प्रसृत करण्याचे अशी चार स्वातंत्र्ये येथे अभिप्रेत आहेत.

या स्वातंत्र्यांच्या रक्षणासाठी जीसीसी ग्नू सार्वजनिक परवान्याखाली दिली जाते. हा परवाना प्रथम १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला व २००७ पासून त्याची तिसरी आवृत्ती जीसीसीला लागू आहे. ज्याने जीसीसीत बदल करून ती इतरांना दिली, त्याने बदललेला मूळ पाठही त्याच अटींवर उपलब्ध केला पाहिजे, हे त्यातील प्रमुख बंधन होय. या अटीचा परिणाम लवकरच दिसून आला. नेक्स्ट या संगणक-कंपनीने ऑब्जेक्टिव्ह-सी भाषेचा अग्रभाग जीसीसीला जोडला होता. तो भाग मूळ पाठाविना, वेगळा वाटण्याचा तिचा विचार होता. परवान्याच्या अटींमुळे तिला तो खुला करावा लागला आणि ती भाषा सर्वांना मिळाली. हे बंधन संकलकापुरतेच आहे. जीसीसीने संकलित केलेली आज्ञावली तिच्या कर्त्याच्याच मालकीची राहते. संकलकाबरोबर येणाऱ्या साहाय्यक ग्रंथालयांचा अंश तिच्यात मिसळत असल्याने त्यांच्यासाठी परवान्यात खास अपवाद केलेला आहे.

भाषांचा विस्तार : फोर्ट्रानसाठी आधी फोर्ट्रान-७७ चा व २००५ पासून नव्या फोर्ट्रानचा अग्रभाग जीसीसीत आहे. शास्त्रीय आकडेमोडीत ही भाषा अद्याप टिकून असल्याने त्याचे महत्त्व विशेष आहे. एडा भाषेचा अग्रभाग न्यूयॉर्क विद्यापीठात तयार झाला. तो स्वतः एडा भाषेतच लिहिलेला आहे. गो २०११ मध्ये, डी २०१९ मध्ये, मॉड्युला-२ २०२३ मध्ये व कोबोल २०२५ मध्ये समाविष्ट झाल्या. बँका व विमा कंपन्या यांच्या जुन्या व्यवहारांत कोबोल अद्यापि वापरात असल्याने या भाषेची भर उशिरा पडली, तरी ती निरर्थक नाही. याउलट जावा भाषेचा अग्रभाग वापर व देखभाल यांच्या अभावी सातव्या मुख्य आविष्कारापासून वगळण्यात आला. संकलकाचा स्वतःचा मूळ पाठ प्रथम सी भाषेत होता. २०१३ मध्ये निघालेल्या ४·८ या आविष्कारापासून त्याच्या बांधणीसाठी सी++ चा संकलक लागतो. २०२० मध्ये आलेल्या दहाव्या मुख्य आविष्कारापासून सी व सी++ आज्ञावल्यांतील चलांना व फलनांना देवनागरीसह इतर लिप्यांतील नावे सरळ लिहिता येतात. भाषेचे राखीव शब्द मात्र इंग्रजीच आहेत.

पवई येथील संशोधन : भारतात आरंभी संगणक परदेशांतून येत व त्यांचे संकलकही त्यांच्याबरोबरच येत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये आलेला सीडीसी-३६०० हा संगणक याचे ठळक उदाहरण होय. संकलक ही बंद पेटीतून आलेली वस्तू असल्याने तिच्या अंतर्भागाचा अभ्यास पुस्तकांवरूनच करावा लागे. मुंबई उपनगर जिल्ह्यातील पवई येथे १९५८ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत (आयआयटी, मुंबई) या विषयाच्या अध्ययनाची दीर्घ परंपरा निर्माण झाली. तेथील प्राध्यापक धनंजय ढमढेरे यांनी संकलकाकडून होणाऱ्या सुधारणांवर मौलिक संशोधन केले. संकलक-रचनेवरील त्यांची पाठ्यपुस्तके भारतीय विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी अभ्यासली आहेत.

ढमढेरे यांच्या संशोधनाचा एक विषय अंशतः अनावश्यक गणनांचे निराकरण हा होता. समजा, आज्ञावलीत एके ठिकाणी वाट दुभंगते. डाव्या वाटेवर अ × ब हा गुणाकार काढला जातो व उजव्या वाटेवर काढला जात नाही. दोन्ही वाटा एकत्र आल्यावर तोच गुणाकार पुन्हा काढावयाचा आहे. डावीकडून आल्यास हा दुसरा गुणाकार अनावश्यक ठरतो. उजवीकडून आल्यास तो आवश्यक असतो. अशा वेळी उजव्या वाटेवर एक गुणाकार घालावा व वाटा एकत्र आल्यानंतरचा काढून टाकावा. मग कोणत्याही वाटेने गेले, तरी गुणाकार एकदाच होतो. एखादे गणन आवर्तनाच्या आत विनाकारण पुन्हा पुन्हा होत असेल, तर ते आवर्तनाबाहेर नेणे हाही याच रीतीचा एक विशेष प्रकार आहे. ही रीत फ्रान्समधील ई. मोरेल व सी. रेनव्हॉइझ यांनी १९७९ मध्ये मांडली. परंतु तीत माहितीचा प्रवाह पुढे व मागे अशा दोन्ही दिशांनी तपासावा लागे. शिवाय काही ठिकाणी गणन हलविण्यास योग्य जागाच सापडत नसे. ढमढेरे यांनी १९८८ व १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखांत गणने आज्ञावलीच्या खंडांत ठेवण्याऐवजी दोन खंडांना जोडणाऱ्या वाटांवर ठेवण्याची पद्धत विकसित केली. तिच्यामुळे ही रीत अधिक सोपी व व्यवहार्य झाली. जीसीसीच्या मूळ पाठात या सुधारणेसंबंधीच्या भागाच्या आरंभी आधारभूत लेखांची जी यादी दिली आहे, तीत ढमढेरे यांच्या लेखांचा निर्देश आहे.

ढमढेरे यांचे शिष्य उदय खेडकर यांनी त्यांच्यासमवेत दोन्ही दिशांनी वाहणाऱ्या माहितीच्या विश्लेषणाचा सिद्धांत मांडला. पुढे पवईच्याच संस्थेत प्राध्यापक असता त्यांनी जीसीसीला अध्ययनाचा विषय केले. अमिताभ सन्याल व बागेश्री करकरे यांच्यासह त्यांनी लिहिलेला माहिती-प्रवाह विश्लेषणावरील इंग्रजी ग्रंथ २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील सिद्धांत प्रत्यक्ष जीसीसीत कसे उतरवावयाचे, हे त्याच्या अखेरच्या भागात दाखविले आहे. केंद्र शासनाच्या माहिती तंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने संस्थेत जीसीसी संसाधन केंद्र स्थापन झाले आणि त्याच्या वतीने देशातील अध्यापक, विद्यार्थी व उद्योगांतील अभियंते यांच्यासाठी कार्यशाळा घेण्यात आल्या.

या उपक्रमामागे एक अडचण होती. जीसीसीचा मूळ पाठ सर्वांना खुला असला, तरी तो दशलक्षावधी ओळींचा आहे. तो अनेक वर्षांत अनेक हातांनी लिहिला गेला आहे. नवख्या अभ्यासकाला त्यात प्रवेश कोठून करावा हेच कळत नाही. वाचण्याचा अधिकार आणि वाचता येण्याचे सामर्थ्य या दोन गोष्टी भिन्न आहेत. पवई येथील केंद्राने यावर क्रमवार पद्धती योजली. एका साध्या प्रक्रियकाचे यंत्रवर्णन टप्प्याटप्प्याने लिहावयाचे : प्रथम केवळ चलाला मूल्य देणे, मग अंकगणित, नंतर फलनांना पाचारण करणे व त्यापुढे अटीनुसार वाट बदलणे. प्रत्येक टप्प्यावर संकलक चालू स्थितीत असतो आणि त्याच्या कोणत्या अंगाला कोणते वर्णन लागते, हे विद्यार्थ्याला स्वतः पडताळता येते.

मुक्त संकलकाचे देशाच्या दृष्टीने असलेले मोल प्रक्रियकांच्या निर्मितीत प्रत्ययास येते. पवई येथेच विकसित झालेला अजित हा प्रक्रियक २०१९ च्या सुमारास जाहीर झाला. त्याच्या चकत्या चंडीगडजवळील मोहाली येथील सेमी-कंडक्टर लॅबोरेटरीत तयार करण्यात आल्या. या प्रक्रियकासाठी स्पार्क ही पूर्वप्रसिद्ध आज्ञासूची निवडली गेली व तिचे यंत्रवर्णन जीसीसीत आधीपासूनच होते. आयआयटी, मद्रास येथील शक्ती व सी-डॅक या संस्थेचे वेगा हे प्रक्रियक रिस्क-५ या खुल्या आज्ञासूचीवर आधारलेले आहेत. जीसीसीत या आज्ञासूचीचा समावेश २०१७ मध्ये झाला. संकलकावाचून प्रक्रियक म्हणजे लिपीवाचून भाषा होय. नवा प्रक्रियक घडविणाऱ्यांना संकलकासाठी परकीय कंपनीच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागले असते, तर असे प्रयत्न फार पुढे जाणे कठीण होते.

मर्यादा व स्पर्धा : जीसीसीच्या रचनेवर टीकाही झाली आहे. तिचे भाग एकमेकांत इतके गुंतलेले होते, की त्यांतील एखादाच भाग सुटा करून अन्यत्र वापरणे दुष्कर होते. यामागे काही अंशी हेतूही होता. मध्यस्थ रूप बाहेर काढण्याची सोय केल्यास कंपन्या त्याला आपले बंद भाग जोडतील आणि परवान्याला बगल देतील, अशी स्टॉलमन यांना भीती होती. म्हणून बाह्य जोडभाग स्वीकारण्याची सोय जीसीसीत २०१० मध्ये, परवान्यातील अपवादाची पुनर्रचना झाल्यानंतरच आली. दरम्यान इलिनॉय विद्यापीठात ख्रिस लॅटनर व विक्रम आडवे यांनी २००० मध्ये आरंभिलेली एलएलव्हीएम ही प्रणाली पुढे आली. ती सुट्या भागांची असून तिचा परवाना अधिक सैल आहे. ॲपल कंपनीने तिला पाठबळ दिले आणि २०१४ मध्ये फ्रीबीएसडी या परिचालन प्रणालीनेही आपला मुख्य संकलक बदलला. या स्पर्धेमुळे जीसीसीतील चुकांचे निवेदन अधिक स्पष्ट झाले व तिच्या अंतर्रचनेतही सुधारणा झाल्या. एकमेकांपासून स्वतंत्र असे दोन मुक्त संकलक उपलब्ध असणे हे वर उल्लेखिलेल्या पडताळणीच्या दृष्टीनेही हितावह आहे.

जीसीसीच्या आरंभकाळी चांगला संकलक ही महाग आणि मालकी हक्काने बांधलेली वस्तू होती. या संचामुळे ती विद्यार्थी, संशोधक व लहान उद्योग यांच्या आवाक्यात आली आणि ज्याला हवे त्याला तिचे अंतरंग उघडून पाहता येऊ लागले. तिचा पुढील विकास परवान्याच्या अटींइतकाच तिचा मूळ पाठ समजू शकणाऱ्या माणसांच्या संख्येवर अवलंबून राहील.